मुन्शीच्या वहीतला शेवटचा रकाना

मागच्या लेखात साउंडेक्सबद्दल लिहिलं होतं. तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की नावं जुळवायचं हे शास्त्र रोजच्या जगण्यात नेमकं कुठं लागतं? त्याचं उत्तर द्यायला आज तुम्हाला हिमायतनगरला घेऊन जाते. माझे काका तिथं वकिली करतात. नव्या वाचकांसाठी माझा पीएचडीचा विषय एका ओळीत सांगते: दोन वेगळ्या यंत्रणांमध्ये नोंदलेला माणूस किंवा नोंदलेलं प्रकरण एकच आहे की नाही, हे संगणकाने ओळखायचं कसं.

दोन वर्षांपूर्वी काकांनी ऑफिससाठी सॉफ्टवेअर घेतलं. पक्षकाराचं नाव, फोन, फी, कागदपत्रं सगळं त्यात, आणि पुढची तारीख कोर्टाच्या संकेतस्थळावरून आपोआप यायची. तोपर्यंत हे काम आमचे मुन्शीमामा करायचे. तीस वर्षं लाल कापडी बांधणीच्या वहीत त्यांनी तारखा लिहिल्या. सॉफ्टवेअर आल्यावर काका म्हणाले, "मामा, आता वही बंद करा, डोळ्यांना त्रास कशाला?" मामांनी बंद केली.

सहा महिन्यांनी एक विधवा बाई ऑफिसात आल्या. त्यांचा जमिनीच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात फेटाळला गेला होता आणि काकांनी वरच्या कोर्टात अपील केलं होतं. त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर नाव टाकून शोधलं, तर अपील खारीज झालेलं. कारण काय, तर अपिलार्थीतर्फे कोणीच हजर नव्हतं. काकांनी सॉफ्टवेअर उघडलं. त्यात त्या प्रकरणापुढं हिरव्या अक्षरांत 'निकाली' असं लिहिलेलं होतं, आणि पुढची तारीख नव्हतीच.

सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. दावा निकाली निघालाच होता. चालू होतं ते अपील, आणि अपिलाचा नंबर सॉफ्टवेअरमध्ये कोणी भरलाच नव्हता. गैरहजेरीत खारीज झालेलं अपील पुन्हा दाखल करून घ्यायला अर्ज करायचा तर मुदत तीस दिवसांची असते. त्यातले बावीस दिवस संपले होते. पुढं खर्च भरून अपील परत बोर्डावर आलं, पण ते आठ दिवस काकांच्या घरात कोणी धड जेवलं नाही. चूक कोर्टाची नव्हती, सॉफ्टवेअरवाल्याचीही नव्हती. घरातल्या बैठकीत ती शेवटी 'आपलीच' ठरली. मला मात्र तिच्यात माझा संशोधनाचा विषय दिसला. (हे मी त्या आठवड्यात मोठ्यानं बोलले नाही.)

आता मामांची वही बघा. रकाने असे: अनुक्रम, पक्षकार, गाव, कोर्ट, मुकदमा नंबर, मागची तारीख, पुढची तारीख आणि शेवटी 'शेरा'. पहिले सात रकाने कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असतात. आठव्यात मामा काहीही लिहायचे. 'अपील झाले, पान ११२ पाहा.' 'हाच इसम पान ४० वर वारस म्हणून.' 'वाढोणा म्हणजे हेच गाव.'

शेवटचा शेरा बाहेरच्या माणसाला कळणार नाही. वाढोणा हे हिमायतनगरचं जुनं नाव. परमेश्वराच्या देवळामुळं ते लोकांच्या तोंडी आजही आहे. 'हिमायतनगर' आलं निजामाच्या राज्यात. म्हणून एकाच शेताच्या दोन कागदांवर गावाची दोन नावं सापडतात, आणि संगणकाच्या लेखी ती दोन गावं असतात. आंबेजोगाईचं असंच, जुन्या कागदांवर ते मोमिनाबाद आहे.

मराठवाड्यातल्या नोंदी जुळवणं अवघड का, तर आपल्याकडं कारभारच मध्येच बदलला. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली, आणि कोर्टकचेरीचे कागद उर्दूत होत राहिले. साल फसली. वाटणीच्या एखाद्या जुन्या कागदावर १३५२ असेल तर त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे साधारण १९४२-४३ येतं. साधारण म्हणते, कारण फसली वर्ष जानेवारीला सुरू होत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपलं उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला सरकलं. पुढं ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला न्यायमूर्ती बसायला लागले. त्याला आव्हान दिलं गेलं, सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये ती व्यवस्था वैध ठरवली, आणि १९८४ मध्ये तिथं कायमचं खंडपीठ झालं.

इतिहासाच्या पुस्तकात या तारखा राजकारणाच्या म्हणून येतात. कारकुनाच्या बाजूनं वाचल्या तर प्रत्येक तारखेला कुणीतरी गठ्ठे बांधले, दुसरीकडं सोडले आणि नव्या रजिस्टरात नवा नंबर टाकला. जुना नंबर कुठं गेला? ज्याच्या वहीत शेऱ्याचा रकाना होता, त्याच्याकडं राहिला.

तुमचा कोर्टाशी संबंध आला नसेल (येऊही नये) म्हणून थोडं सांगते. दिवाणी दाव्याचा नंबर समजा 'रे. मु. नं. ४५/२०११' असा असतो. २०११ मध्ये त्या कोर्टात नोंदलेला पंचेचाळिसावा दावा. पण ४५/२०११ हदगावलाही असतो आणि भोकरलाही असतो, आणि नांदेडला तर निरनिराळ्या प्रकारांत चार-पाच असतील. वकिलाला अडचण नाही, तो कोर्टाचं नाव सोबत सांगतो. दोन संगणक एकमेकांशी बोलायला लागले की मात्र पहिल्याच वाक्याला अडतात.

कोर्टातलं संगणकीकरण १९९० पासून सुरू झालं, सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांपासून. तालुक्यापर्यंत ते पोचायला बराच वेळ गेला. २००४ मध्ये न्या. जी. सी. भरुका यांच्या अध्यक्षतेखाली ई-कमिटी नेमली गेली, २००५ मध्ये राष्ट्रीय आराखडा आला, २००७ मध्ये ई-कोर्ट्सचा पहिला टप्पा मंजूर झाला. २०१५ पर्यंत चाललेल्या त्या टप्प्यात १४,२४९ न्यायालयांचं संगणकीकरण झालं. त्यासाठीचं 'केस इन्फर्मेशन सिस्टिम' हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुण्याच्या केंद्रानं बनवलं, म्हणजे आपल्याच राज्यात. दुसऱ्या टप्प्यात देशभर एकच गाभा ठेवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या रीतीभाती त्या गाभ्याभोवती बसवल्या. बऱ्यापैकी शहाणपणाचा निर्णय होता, कारण रीती बदलायला लावल्या असत्या तर आजही बैठका चालू असत्या.

याच काळात सीएनआर नंबर आला. सोळा चिन्हांचा: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे न्यायालयीन आस्थापनेचे, सहा आकडे अनुक्रमाचे, चार वर्षाचे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नमुना म्हणून जो नंबर दिलेला असतो तो मराठवाड्यातलाच आहे: एमएचएयू०१९९९९९९२०१५. 'एयू' म्हणजे औरंगाबाद. गंमत बघा, शहराचं नाव बदलतं, पण नमुन्यातली दोन अक्षरं तशीच राहतात. डेटाबेसच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. चांगल्या ओळखचिन्हाला अर्थ असू नये, कारण अर्थ बदलतात. आणि दोनच अक्षरांत जिल्हा बसवायचा म्हटलं तर नागपूर, नांदेड, नाशिक, नंदुरबार यांच्यात भांडण ठरलेलं.

सीएनआरनं ४५/२०११ चा प्रश्न मिटवला, आणि काकांच्या सॉफ्टवेअरला तारीख मिळत होती ती त्याच्याच जिवावर. मग बाईंचं अपील कसं हुकलं?

कोर्टासाठी दावा हे एक प्रकरण. त्यावरचं जिल्हा पातळीवरचं अपील हे दुसरं प्रकरण, त्याला नवा सीएनआर. त्यावर औरंगाबादच्या खंडपीठात द्वितीय अपील गेलं तर तिसरा. कोर्टाचं चुकत नाही, त्यांना प्रत्येक ठिकाणची फाइल वेगळी मोजायचीय. बाईंना विचाराल तर त्या सांगतील, माझी केस एकच आहे, जमिनीची. काकांच्या कपाटातही तिची फाइल एकच. वकिलाचं 'प्रकरण' आणि कोर्टाचं 'प्रकरण' हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि दोघांना शब्द मात्र एकच आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं ते एक धरले: एक फाइल, एक सीएनआर. तिथं घात झाला.

अपिलाच्या पानावर खालच्या न्यायालयाची माहिती असते बरं का: कोणतं कोर्ट, कोणता नंबर, निकालाची तारीख. म्हणजे अपिलावरून दाव्यापर्यंत उतरता येतं. पण दाव्याच्या पानावर उभं राहून 'याच्यावर पुढं अपील झालं का?' असं विचाराल, तर लोकांना दिसणाऱ्या त्या पानावर उत्तर मिळत नाही. मामांचा 'अपील झाले, पान ११२ पाहा' हा शेरा नेमका खालून वर जाणारा होता.

हा गोंधळ फक्त आपला नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या वकिली फर्म्स यांच्यात १९९० च्या दशकात असंच झालं होतं. कंपनीकडं शेकडो फर्म्सची बिलं यायची, प्रत्येकीचा नमुना निराळा. कंपनीच्या कायदा विभागात खटल्याला एक नंबर, फर्मच्या हिशेबात त्याच खटल्याला दुसरा. १९९५ मध्ये त्यावर काम सुरू झालं आणि १९९८ मध्ये एलईडीईएस नावाचा नमुना आला. दिसायला अगदी साधा: साधी अक्षरं, दोन रकान्यांच्या मध्ये उभी रेघ, ओळीच्या शेवटी चौकोनी कंसांची जोडी. १९९८-बी या आवृत्तीत चोवीस रकाने आहेत. त्यातले दोन मला फार आवडतात: एक 'फर्मचा प्रकरण क्रमांक' आणि एक 'पक्षकाराचा प्रकरण क्रमांक'. कुणाचा नंबर खरा, हा वाद त्यांनी घातलाच नाही. दोन्ही नंबर एकाच ओळीत लिहा आणि पाठवून द्या. बिलं अजूनही या नमुन्यात जातात. एवढ्या वर्षांत कितीतरी देखणी तंत्रज्ञानं येऊन गेली, पण ती उभ्या रेघांची ओळ टिकली. मामांना दाखवली तर म्हणाले, "ही वहीच की."

आपल्याकडं या जोडणीची सोय कुणाला मिळाली, हेही बघण्यासारखं आहे. न्यायालयीन डेटा यंत्रांनी थेट मागावा यासाठी ई-कमिटीनं ओपन एपीआय दिले ते केंद्र-राज्य सरकारांना आणि संस्थात्मक पक्षकारांना. तर्क समजतो. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे, आणि केंद्राच्या 'लिम्ब्स'सारख्या यंत्रणेत हजारो खटल्यांच्या तारखा हातानं भरणं वेडेपणाचं. पण समोरासमोर उभ्या दोघांपैकी एकाकडं तारीख आपोआप येते, आणि दुसऱ्याचा वकील वेडीवाकडी अक्षरं ओळखून कॅप्चा भरत बसतो. तालुक्याच्या वकिलाला ई-कोर्ट्सचं ॲप आहे, सीएनआर जपून ठेवता येतो, सगळी यादी एका फोनमधून दुसऱ्यात नेता येते. ॲप चांगलंच आहे, मी काकांना तेच वापरायला सांगते. पण ती माहिती त्यांच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायची तर वाट चोरट्यासारखी असते. मला हे पटत नाही. ही सोय वैयक्तिक पक्षकारांपर्यंत आणि त्यांच्या वकिलांपर्यंत यायला हवी.

त्याच वेळी, जोडणी म्हटल्यावर सगळंच सगळ्यांना द्या असंही मी म्हणत नाही. तारीख, टप्पा, आदेश हे उघड आहे. पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं उघड नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ ला होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम १३२ ला आहे. म्हणून वकिलाच्या सॉफ्टवेअरनं कोर्टाला विचारावं आणि उत्तर घेऊन गप्प बसावं. स्वतःहून काही सांगू नये.

आता माझ्या कामाकडं येते. प्रकरणांना निदान सीएनआर तरी आहे. माणसांना काय आहे? आधार म्हणाल तर जुन्या दाव्यांच्या कागदांवर तो नाही, आणि प्रत्येक वकिलानं तो गोळा करावा असं मला वाटतही नाही. उरतं ते नाव, गाव आणि आपल्या भागाची खास खूण: 'पि.' आणि 'भ्र.'. 'माधव पि. किशन' म्हणजे किशनचा मुलगा. 'गंगाबाई भ्र. माधव' म्हणजे माधवची बायको, 'भ्र.' म्हणजे भ्रतार. पुण्या-मुंबईत बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना नसतो. मग टायपिस्ट 'पि'ला नावातच कोंबतो, आणि तीच बाई एका कागदावर वडिलांच्या नावानं, दुसऱ्यावर नवऱ्याच्या नावानं, अशा दोन बायका होतात.

अशा नोंदी जुळवण्याला 'रेकॉर्ड लिंकेज' हे नाव दिलं हॅल्बर्ट डन यांनी, १९४६ मध्ये. जन्म, लग्न, मृत्यू अशा नोंदी जोडून प्रत्येक माणसाचं एक पुस्तक तयार होतं, अशी त्यांची कल्पना. १९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब आणि सहकाऱ्यांनी ते संगणकावर करून दाखवलं. १९६९ मध्ये फेलेगी आणि सुंटर यांनी त्याला गणिताची बैठक दिली, आणि आम्ही सगळे अजून त्यावरच उभे आहोत.

कल्पना सोपी आहे. दोन नोंदींत आडनाव जुळलं, तर दोन प्रश्न विचारा. माणूस खरंच एक असता तर हे जुळण्याची शक्यता किती? आणि माणसं वेगळी असती तरी योगायोगानं जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीनं भागा. उदाहरणापुरते आकडे घेऊ: एक असतील तर जुळण्याची शक्यता ०.९. 'जाधव' हे आडनाव योगायोगानं जुळण्याची शक्यता ०.०५. भागाकार १८. आडनाव दुर्मीळ असेल आणि योगायोग ०.००१, तर भागाकार ९००. म्हणजे जाधव जुळले तर फार हुरळून जायचं नाही. असंच गावाचं, वडिलांच्या नावाचं, वयाचं करायचं आणि गुणाकार करत जायचं.

शेवटी प्रत्येक जोडीला एक गुण मिळतो. वरच्या रेषेपलीकडं असेल तर एकच, खालच्या रेषेखाली असेल तर वेगळे. मधे एक ढीग उरतो. १९६९ च्या त्या सिद्धांतात या ढिगाला जागा राखून ठेवलेली आहे. तो माणसानं, कारकुनानं बघायचा. काका ज्या मामांना वही बंद करा म्हणाले होते, त्यांची खुर्ची गणितातच मांडून ठेवलेली होती, हे वाचताना मला हसू आलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी काकांच्या ऑफिसातल्या सगळ्या नोंदींवर माझा प्रोग्रॅम चालवला, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्याच संगणकावर, इंटरनेट बंद करून. आधी एक साधी तक्ता-फाइल केली, उभ्या रेघांची. एका ओळीत ऑफिसचा फाइल नंबर, पुढं सीएनआर, त्यापुढं 'कशावरून आले'. एका फाइलला हवे तितके सीएनआर. अपील दाखल झालं की नवी ओळ वाढवायची, जुनी पुसायची नाही. वाढोणा आणि हिमायतनगर यांची गाठ प्रोग्रॅममध्येच घातली. 'पि.' आणि 'भ्र.' वेगळे काढले.

मधला ढीग एकसष्ट जोड्यांचा निघाला. मामांनी चहा मागवला, चष्मा पुसला आणि एका दुपारीत संपवला. "हा मेलाय. ही त्याची सून. हे दोघं एकच, पण वय चुकीचं लावलंय." मी नुसती बरोबर-चूक अशी खूण करत होते.

मग म्हणाले, "वरच्या ढिगातलं पण वाच." मी म्हटलं, "मामा, ते पक्के आहेत, बघायची गरज नाही." "वाच तर."

सातव्या जोडीला त्यांनी हात वर केला. आडनाव एक, नाव एक, बापाचं नाव एक, गाव एक, वयात एका वर्षाचा फरक. माझ्या हिशेबात यादीतली सगळ्यात पक्की म्हणावी अशी जोडी. मामा म्हणाले, "हे चुलतचुलत भाऊ. बापांची नावं सारखी, पण बाप दोन. एक आपला पक्षकार आहे आणि दुसरा त्याच दाव्यातला प्रतिवादी."

त्या दोघांची फाइल एक झाली असती तर सॉफ्टवेअरनं काय केलं असतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ती जोडी मी तिथंच तोडली, आणि प्रोग्रॅममध्ये नियम घातला, की एकाच प्रकरणात समोरासमोर असलेली दोन नावं कितीही जुळली तरी आपोआप जोडायची नाहीत.

मामांनी वही पुन्हा सुरू केलीय. या वेळी शेऱ्याचा रकाना पहिल्यापेक्षा रुंद आखलाय.